मुलांना घेऊन जर्मनीच्या खेड्यांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना जवळ आला की हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. कुणाचा भाऊ श्टुटगार्टला नोकरीला, कुणाची नणंद म्युनिकजवळ. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींची तिकडे रीघ लागलेली असते. त्यामुळे खालची उत्तरं साहजिकच दक्षिण जर्मनीकडे, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, श्वाबियन आल्ब आणि आल्गॉयकडे झुकलेली आहेत. दर आणि वेळा बदलत असतात, निघण्याआधी एकदा तपासून घ्या.

१. शहरं सोडून खेड्यात का जायचं? मुलं कंटाळणार नाहीत का?

मुलं कंटाळतात ती चौथ्या किल्ल्यात, तिसऱ्या संग्रहालयात आणि रोज सकाळी बॅगा भरताना. गोठ्यात सहसा कुणी कंटाळत नाही. वासरू खरखरीत जिभेने कोपरापर्यंत हात चाटतं, शहरातलं पोर आधी किंचाळतं आणि मग दुसरा हात पुढे करतं. ट्रॅक्टर, कोंबड्या, गावातलं खेळाचं मैदान आणि जवळचा ओढा एवढ्यावर दहा वर्षांखालच्या मुलांचा आठवडा सहज जातो.

अट एकच: एक गाव धरायचं आणि निदान पाच-सहा रात्री तिथून हलायचं नाही. रोज एकच ठिकाण बघायचं आणि दुपारी चारपर्यंत परत यायचं. "दहा दिवसांत पाच देश" करायचे असतील तर खेड्याच्या वाटेला जाऊच नका, दोन्ही बिघडेल.

२. शेतावर राहायचं म्हणजे नेमकं कसं? तिथे काम करावं लागतं का?

काम करावं लागत नाही, पण करायला मिळतं. 'उर्लाउब आउफ डेम बाउअर्नहोफ', म्हणजे शेतावरची सुट्टी, हा तिकडे जुना आणि रुळलेला व्यवसाय आहे. शेतकरी कुटुंब घराचा एक भाग किंवा वरचा मजला 'फेरिएनवोनुंग' म्हणून भाड्याने देतं. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दोन खोल्या असतात. संध्याकाळच्या धारेच्या वेळी बरेच मालक मुलांना सोबत नेतात. मात्र आपण होऊन गोठ्यात शिरू नये, विचारून जावं.

आरक्षण करताना तीन गोष्टी वाचाच. शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे आहेत का? चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का? किमान किती रात्री राहावं लागेल? गर्दीच्या हंगामात शनिवार ते शनिवार असाच हिशोब चालतो.

आणि हो, शेत म्हणजे वास आला. वसंतात कुरणांवर शेणामुताचं पातळ खत फवारतात, तेव्हा दोन दिवस खिडक्या लावून बसावं लागतं. चर्चची घंटा काही गावांत रात्रभर दर पाव तासाला वाजते. झोप सावध असलेल्यांनी चर्चपासून लांबचं घर बघावं.

३. मे-जूनमध्ये जावं की दिवाळीच्या सुट्टीत?

शक्य असेल तर मे-जून. कुरणं फुललेली असतात, गुरं बाहेर असतात, जूनमध्ये स्ट्रॉबेरीच्या शेतांवर स्वतः खुडून घेता येतं. पण मे म्हणजे उन्हाळा हे डोक्यातून काढा. ११ ते १५ मे या दिवसांना तिकडे 'आइसहायलिगन', म्हणजे थंडीचे संत म्हणतात, कारण तेव्हा एखादी गार लाट येऊन कोवळी रोपं जाळण्याची भीती असते. 'थंड सोफी' (या संतांतली शेवटची, १५ मेची) होऊन गेल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावू नयेत, असं जुनी माणसं सांगतात. मुलांसाठी स्वेटर, पावसाळी जाकीट आणि चिखलात चालणारे बूट हवेतच.

दुसरी अडचण सुट्ट्यांची. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरियातल्या शाळांना जवळपास दोन आठवडे सुट्टी असते. २०२६ मध्ये पेंटेकॉस्टचा सोमवार २५ मेला आहे, म्हणजे त्यानंतरचे दिवस शेतघरं भरलेली असतील. त्याआधीचा आठवडा किंवा जूनचा दुसरा आठवडा धरा.

दिवाळीत वातावरण सुंदर असतं, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ साडेपाचलाच संपते. नोव्हेंबरात डोंगरावरच्या बऱ्याच केबलकार आणि खुली संग्रहालयं बंद होतात.

४. मुलांना वेगळा व्हिसा लागतो का? खर्च किती?

लागतो, तान्ह्या बाळालासुद्धा. शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखाली माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रत्येकाचा निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी लढाई, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच हात घाला. मुलांच्या अर्जाचे बारकावे प्रश्न १५ मध्ये आहेत.

५. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल का? आपलं लायसन्स चालतं का?

मुलं लहान आणि गाव आडबाजूला असेल तर गाडीने जीव सुखी होतो. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगा, ती महाग पडते आणि आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

मुलाचं वय १२ पूर्ण नसेल आणि उंची १५० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बालआसन कायद्याने सक्तीचं आहे. दोन्हीपैकी एक मर्यादा ओलांडली की सुटका. "मांडीवर घेऊन बसतो की" हे तिकडे चालत नाही.

खेड्यातले नियम थोडे, पण कडक. गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की ५० चा वेग, गावाबाहेर १०० ची मर्यादा. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही बारीक असो आणि येणारा ट्रॅक्टर असो. पार्किंगला निळी तबकडी (पोचल्याची वेळ दाखवणारं पुठ्ठ्याचं घड्याळ) मागितलेली असेल तर ती काचेमागे ठेवायची आणि काटा पोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा: १०.१० ला आलात तर १०.३०. तबकडी नाही म्हणून चिठ्ठीवर वेळ लिहून ठेवली तर दंडाची पावती मिळू शकते.

६. गाडीशिवाय जमेल का? मुलांचं तिकीट कसं?

जमतं, पण गाव रेल्वे स्थानकाजवळ निवडा आणि शेवटच्या बसची वेळ पाठ ठेवा. आडगावात ती संध्याकाळी सहा-सातलाच असते.

तिकिटांत गोंधळ होतो तो इथे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत ६ ते १४ वर्षांची मुलं मोठ्या माणसाबरोबर मोफत जातात, मात्र तिकीट काढतानाच त्यांची नोंद करावी लागते. सहाखाली तिकीटच नको. पण महिनाभराचं डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या-बसेसचा पास, घेतलंत (जानेवारी २०२६ पासून ६३ युरो) तर सहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतंत्र तिकीट लागतं, ते तुमच्या पासवर येत नाही. शिवाय ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायचं लक्षात ठेवा. दिवसभरासाठी राज्याचं तिकीट, म्हणजे बायर्न-टिकेट (बायर्न म्हणजे बव्हेरिया) किंवा बाडेन-व्युर्टेम्बर्ग-टिकेट, कुटुंबाला बहुतेक वेळा स्वस्त पडतं. ते आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर चालतं. सोबतच्या मुलांची सवलत किती जणांपुरती आहे, हे घेताना वाचा.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये राहणार असाल तर तिकीट काढण्याआधी घरमालकाला 'कोनुस' कार्डाबद्दल विचारा. योजनेत असलेल्या गावांत मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना ते मिळतं आणि भागातल्या बसेस व प्रादेशिक गाड्या फुकट होतात. पैसे तुम्ही रोजच्या पर्यटन करातून भरलेलेच असतात, तेव्हा हक्काने मागा. हे कार्ड मुक्कामाची नोंद झाल्यावर मिळतं. परदेशी पाहुण्यांना नोंदणीचा फॉर्म भरून पासपोर्ट दाखवावा लागतो.

७. रविवारी खरंच सगळं बंद असतं?

खरंच. किराणा, कपडे, औषधं, मॉल, सगळं. उघडं काय, तर पेट्रोल पंप, काही बेकऱ्या सकाळी थोडे तास, आणि उपाहारगृहं. पण खेड्यातली उपाहारगृहं सोमवार किंवा मंगळवारी सुट्टी घेतात, आणि गावात एकच असेल तर सोमवारी उपासच. गरम जेवण दुपारी दोनपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाच-सहानंतर. मुलाला साडेतीनला भूक लागली तर केक मिळेल, पोळीभाजी नव्हे.

आपल्या सुट्टीत येणाऱ्या सणांनाही दुकानं बंद: हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम हे ख्रिस्ती सण, दोन्ही गुरुवारी (२०२६ मध्ये १४ मे आणि ४ जून) आणि पेंटेकॉस्टचा सोमवार. शनिवारी संध्याकाळी विमानतळावरून थेट गावात पोचणार असाल तर वाटेतच दूध, ब्रेड, तांदूळ घ्या.

८. आम्ही पूर्ण शाकाहारी. मुलांना काय खायला घालायचं?

उपाशी राहणार नाहीत, पण विचारत राहावं लागेल. चीजमध्ये घोळलेले केजश्पेट्सले (श्पेट्सले म्हणजे अंडं-मैद्याचे जाडसर नूडल्स) मुलांना हमखास आवडतात. बटाट्याचे कुरकुरीत पॅनकेक सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर येतात, आणि काइझरश्मार्न, दाम्फनुडेल वगैरे गोड पदार्थ मुख्य जेवण म्हणूनच खाल्ले जातात.

फसवणूक होते ती निरागस दिसणाऱ्या पदार्थांत. दक्षिणेकडची बटाट्याची कोशिंबीर बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात भिजवलेली असते. परतलेल्या बटाट्यांत बेकनचे तुकडे असतात. फ्लामकूखन या पातळ, पिझ्झासारख्या पदार्थावरही तेच, मात्र ते काढून करून देतात. श्वाबियामधली मसूर-श्पेट्सले म्हटलं की आपण खूश होतो, पण वर सॉसेज ठेवूनच ती येते, आणि शिजवतानाही बेकन घातलेलं असू शकतं. ब्रेत्सेल या गाठ मारलेल्या खाऱ्या पावात कुठे कुठे चरबी असते, पाकिटावर 'श्माल्त्स' (Schmalz) शब्द शोधा. अस्वलाच्या आकाराच्या जेली गोळ्यांत डुकराचं जिलेटिन असतं. जुन्या पद्धतीच्या डोंगरी चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, ते चालत नसेल त्यांनी दुकानात 'शाकाहारी' खूण बघून चीज घ्यावं.

एक गंमत: मेनूमध्ये 'रॉयबरटेलर', दरोडेखोराची ताटली, दिसली तर मागवा. रिकामी ताटली आणि काटा-चमचा येतो, आणि मुलाने आईबापाच्या ताटातून लुटून खायचं असतं. कमी खाणाऱ्या पोरांसाठी यापेक्षा चांगली सोय मी तरी पाहिलेली नाही.

९. घरून काय न्यावं? हापूसची पेटी नेता येईल का?

नाही. भारतातून युरोपीय संघात ताजी फळं-भाज्या न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढेच त्यातून सुटलेले. कढीपत्त्याची जुडीही त्यातच मोडते. दूध आणि दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा, श्रीखंडाचा डबा घरीच ठेवा. तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीला ठरावीक मर्यादेत सवलत आहे.

न्यावं ते कोरडं: मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, हिंग, शेंगदाण्याची चटणी, उपमा-पोह्याचं सामान. तूप तिथल्या दुकानात 'बुटरश्माल्त्स' नावाने मिळतं, ताक 'बुटरमिल्ख', आणि 'क्वार्क'मध्ये साखर-वेलची घोटली की मुलांना श्रीखंडच. लाल मसूर आणि बासमती साध्या सुपरमार्केटातही असतात.

कुकर नेणार असाल तर आधी शेगडी विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी. फोडणी टाकताना धूर ओढणारा पंखा चालू करा, खिडकी उघडा आणि खोलीचं दार लावून घ्या. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेरच्या बोळात धूरसूचक यंत्र बसवणं तिकडे सक्तीचं आहे, आणि त्याला मोहरीचं कौतुक नसतं.

१०. शेतावरचं कच्चं दूध मुलांना द्यावं का?

उकळून द्या. बऱ्याच गावांत 'मिल्खटांकश्टेल' असते, दुधाचं स्वयंचलित यंत्र. नाणं टाकायचं, काचेची बाटली नळाखाली धरायची, बटण दाबायचं. मुलांना हा खेळ वाटतो. यंत्रावर 'वापरण्याआधी उकळा' अशी कायद्याने बंधनकारक सूचना असते. आपल्याला दूध उकळायची सवय आहेच, वरची साय हा वरचा फायदा. शेजारच्या मांडणीवर अंडी, जॅम, बटाटे असतात आणि पैशांसाठी एक डबी. बघायला कोणी नसतं. म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. खेड्यात काही ठिकाणी कार्ड चालतच नाही आणि काही ठिकाणी फक्त जर्मन बँकेचं कार्ड चालतं.

११. जंगलात गोचिडांची भीती खरी आहे का?

खरी आहे, पण घाबरून घरात बसण्याइतकी नाही. गोचीड दोन आजार पसरवते. बोरेलिओसिस हा जिवाणूंचा, देशभर आढळणारा, वेळीच प्रतिजैविकं दिली की बरा होणारा. दुसरा एफएसएमई, विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर. त्याचा धोका मुख्यतः बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे नेमका आपण जातो तिथेच. त्याला लस आहे. डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून डॉक्टरांशी बरेच आधी बोला.

गवतात जाताना पूर्ण विजार, पायमोजे विजारीवर ओढलेले. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मुलांचं अंग तपासा: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, गुडघ्यामागे, जांघेत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, मेणबत्ती असले उपाय करू नका. नंतरच्या दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उमटला किंवा ताप आला तर डॉक्टर, आणि भारतात परतल्यावर आला तरी गोचीड चावल्याचं त्यांना आवर्जून सांगा.

१२. मूल रात्री आजारी पडलं तर?

जिवावरचं असेल तर ११२. तेवढं गंभीर नाही पण सकाळपर्यंत थांबवत नाही, तर ११६११७ वर फोन करा, तिथून जवळचे पाळीवरचे डॉक्टर कळतात. औषधांचं दुकान रात्री किंवा रविवारी पाळीपाळीने उघडं असतं, आज पाळी कुणाची ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तुमच्या गावापासून ते वीस किलोमीटर असू शकतं, म्हणून तापाचं नेहमीचं औषध आणि थर्मामीटर घरूनच न्या. बिल आधी आपण भरायचं आणि मग विम्याकडे मागायचं, सगळ्या पावत्या जपा.

१३. आमची मुलं आरडाओरडा करतात. जर्मन लोक ओरडतील का?

मैदानात नाही. खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज हा उपद्रव धरू नये, असा तिकडे २०११ पासून कायदाच आहे. घरात मात्र रात्री दहानंतर शांतता, आणि रविवारी दिवसभर. दुपारी एक ते तीन हीदेखील बऱ्याच घरांत विश्रांतीची वेळ असते. रिकाम्या काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकणं हाही गुन्हाच समजा.

नाराजी येते ती दुसऱ्या कारणाने: वाढलेल्या गवतात धावण्याने. ते गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा, आपल्याकडे उभ्या ज्वारीत शिरण्यासारखंच. पायवाट सोडू नका. वासरांसोबतच्या गाईंच्या कळपातून जाऊ नका, तारेच्या कुंपणाला हात लावू देऊ नका, त्यात वीज असते. आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला 'ग्र्युस गोट' (तिकडचा नमस्कार) म्हणायला मुलांना शिकवा. टक लावून बघणारा म्हाताराही त्याने विरघळतो.

१४. एक-दोन ठिकाणं सांगा, यादी नको.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये गुटाखचं खुलं संग्रहालय. तिथलं फोग्ट्सबाउअर्नहोफ हे घर १६१२ मध्ये बांधलेलं आणि आजही मूळ जागी उभं आहे. बाकीची जुनी घरं इतर गावांतून सुटी करून आणून पुन्हा उभारली आहेत. माणसं, गुरं आणि वरच्या मजल्यावर गवत, सगळं एकाच अवाढव्य छपराखाली. आत गेलं की काळोख, धुराने काळवंडलेली स्वयंपाकघराची लाकडं आणि बाहेर जिवंत डुकरं. मुलांना बाहेर काढणं अवघड जातं. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं. रेल्वेने गेलात तर १८७३ ची श्वार्त्सवाल्डबान, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे, पकडून पुढे ट्रिबेर्गला जा, त्या मार्गावर एकूण तीसहून जास्त बोगदे आहेत आणि मोजण्याचं काम मुलांना द्या.

श्वाबियन आल्बमध्ये ब्लाउबॉयरेन. चुनखडीतून उसळणारा ब्लाउटोप्फ झरा खरोखर निळाशार आहे, आणि गावातल्या संग्रहालयात आसपासच्या गुहांत सापडलेली जवळपास ४०,००० वर्षांपूर्वीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि गिधाडाच्या हाडाची बासरी आहे. या गुहा २०१७ पासून जागतिक वारसा आहेत.

उत्तरेकडे जाणार असाल तर हामेल्न. पुंगीवाल्याच्या मागे १२८४ मध्ये १३० मुलं गेली अशी तिथली दंतकथा, आणि ज्या गल्लीतून ती गेली म्हणतात तिथे आजही वाद्य वाजवत नाहीत. उन्हाळ्यात रविवारी दुपारी बारा वाजता भर चौकात गावकरी ते नाटक फुकट करतात. रविवारचा प्रश्नही सुटला.

आणि नॉयश्वानश्टाइनचा तो प्रसिद्ध राजवाडा? तिकीट आधी काढलं असेल आणि मुलं आठच्या पुढची असतील तर जा.

१५. फक्त आई मुलांना घेऊन जाणार आहे, किंवा मुलं आजी-आजोबांबरोबर येणार आहेत. काही वेगळं लागतं?

लागतं. अल्पवयीन मुलाच्या व्हिसा अर्जावर दोन्ही पालकांची संमती हवी. जो पालक येत नाही त्याचं संमतीपत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला मूळ कागदांसह जवळ बाळगा, विमानतळावर विचारू शकतात. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबद्दलचा न्यायालयाचा आदेश, पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. नात्यात आडनावं वेगळी असतील तर नातं दाखवणारा कागद हाताशी असू द्या.

खर्चाची जबाबदारी जर्मनीतला मुलगा किंवा जावई घेत असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून 'फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग', म्हणजे खर्चाचं हमीपत्र, काढून मूळ प्रत भारतात पाठवायची. छायाप्रत चालत नाही. त्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळायलाही वेळ लागतो, म्हणून व्हिसाची तारीख घेण्याआधी जावयाला फोन करा.